ओवा उपासाला चालत नाही

आमच्या सूनबाईंनी परवा दिवाणखान्यात एक पांढरं भांडं आणून ठेवलं. त्यातून वाफ निघते, मंद दिवा लागतो, आणि पाण्यात दोन थेंब टाकले की घरभर गवती चहाचा वास सुटतो. मन शांत होतं म्हणे. माझं मन इतकं शांत झालं की मी चपला घालून खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसलो आणि जेवायची हाक येईपर्यंत वर आलो नाही. "बाबांना अ‍ॅलर्जी असेल," असं तिनं मुलाला सांगितलं. मी ते खोडून काढलं नाही. औषधांच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला एखादी अ‍ॅलर्जी शोभून दिसते, आणि खरं कारण सांगायचं तर वाफ संपली असती, भांडं गार झालं असतं, तरी माझं सांगून झालं नसतं.

मी कॉलेजात होतो तेव्हाही आम्ही कोथरूडलाच राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. त्या घराचा मुख्य आवाज म्हणजे लाटण्याचा. आई नोकरी करणाऱ्या जोडप्यांना पोळ्या करून द्यायची. पहाटेपासून पोळपाट एका लयीत बोलायला लागे, मध्येच तव्यावर उलथनं वाजे, मध्येच दार वाजे आणि कुणीतरी डबा घेऊन जाई. मला त्या लयीची इतकी सवय होती की लाटणं थांबलं की जाग यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून होते. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत आणि बातम्यांपेक्षा घरावर जास्त टीका करत. आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, आणि तेही उभ्याउभ्या, ओट्याला टेकून, उरलेल्या पोळीवर उरलेली भाजी घेऊन. संध्याकाळी तिचा उजवा खांदा धरायचा. मग ती फळीवरच्या डब्यातून एक लाल गोळी काढून पाण्याबरोबर घ्यायची आणि पुन्हा कणीक तिंबायला बसायची. त्या लाल गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मीच आणून देत असे. मी फार्मसीचा विद्यार्थी म्हणून दुकानदार मला चिठ्ठी मागत नसे. त्याचा मला भारी अभिमान होता.

पुढे तिच्या पोटात जळायला लागलं. बेंबीच्या वर, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी. थंड दूध प्यायली की निवायचं, पुन्हा पेटायचं. अण्णांनी तिला दवाखान्यात नेलं, तिथे घशातून दुर्बीण घातली, आणि जठरात व्रण आहे असं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दोनच गोष्टी बजावल्या. दुखण्याची गोळी बंद आणि पोट रिकामं ठेवायचं नाही. आईनं मान हलवली. आई मान हलवायची तेव्हा ती हो म्हणते आहे की मानेला रग लागली आहे, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

मी तेव्हा पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधत होतो. त्या वयात माणसाला वाटतं की जगातली दुखणी आपल्या सोयीनं होतात. मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, जाऊन सांगितलं की मला वनस्पतींच्या तेलांवर काम करायचं आहे. ही तेलं जठराचं रक्षण करतात का, व्रण भरून आणतात का, ते पाहायचं आहे. सरांनी विचारलं, "कुठलं तेल?" मी म्हणालो, "ओव्याचं." "ओवाच का?" याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं. पोटात दुखलं की ओवा, एवढंच घरात ऐकलेलं होतं. सर म्हणाले, "चला, निदान स्वस्त आहे."

तेल म्हणजे गोडेतेलासारखं घाण्यातून काढायचं तेल नव्हे. ओव्यातून वाफ सोडायची, ती वाफ नळीतून गार करायची, की पाण्यावर थोडंसं पिवळसर तेल तरंगतं. तेच ते अर्काचं तेल, जिभेवर ठेवलं तर चटका बसतो. कॉलेजातलं काचेचं उपकरण कायम दुसऱ्या कुणीतरी अडवलेलं असे, म्हणून मी घरचा कुकर घेतला. शिट्टीच्या जागी रबरी नळी, नळीच्या पुढे तांब्याची गुंडाळी, गुंडाळी बादलीतल्या पाण्यात. आई पोळ्या लाटता लाटता बघत होती. "स्फोट होणार नाही ना रे?" "आई, हे शास्त्र आहे," मी म्हणालो, आणि नळी सुटली. वाफेचा फवारा छतावर गेला, तिथून खाली कणकेच्या परातीत उतरला. स्फोट झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई डबा घेऊन वर आल्या. "काकू, रागावू नका हं. पण पोळीला खोकल्याच्या औषधाचा वास येतोय." अण्णा पेपराआडून म्हणाले, "वेगळे पैसे मागू नका म्हणावं. औषध आमच्याकडून भेट." त्यानंतर कित्येक महिने आमच्या वरणभाताला ओव्याचा वास होता. शेवटी तो वरणाचाच वास आहे असं आम्ही धरून चाललो.

कॉलेजात उंदीर होते. पांढरे, लाल डोळ्यांचे, शांत. पद्धत अशी की उंदरांना एक दिवस उपाशी ठेवायचं, मग काहींना तेल द्यायचं, काहींना नाही, आणि थोड्या वेळानं सगळ्यांना जठर सोलणारी गोळी पाजायची. मग जठर उघडून पाहायचं, कुणाला किती लाल चरे पडले ते. आणि ती गोळी कुठली? तर आई खांद्यासाठी घ्यायची तीच, वेगळ्या नावाची. ती खलात कुटताना मला पहिल्यांदा समजलं की आपण इतके दिवस कोपऱ्यावरून काय आणत होतो. त्या संध्याकाळी घरी आलो आणि फळीवरचा डबा उचलून खिडकीबाहेर रिकामा केला. लाल गोळी बंद, असं आईला बजावलं. महिन्याभरानं त्याच डब्यात पांढऱ्या गोळ्या सापडल्या. "अगं, हे काय?" "तू लाल बंद सांगितलीस. ही पांढरी आहे."

माझी पहिली तुकडी वाया गेली, कारण एका पिंजऱ्यातलं खाणं काढून घ्यायला मी विसरलो होतो. सरांनी जठर उघडलं तर आत गच्च भरलेलं. "हा कुठल्या पद्धतीचा उपास?" सर म्हणाले. "साबुदाण्याच्या खिचडीचा?" मी हे घरी येऊन रंगवून सांगितलं. आईनं लाटणं थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"आणि मग उंदीर जगतात का रे?"

"नाही. जठर बघायचं तर..."

"म्हणजे उपाशी ठेवता, मग विष पाजता, मग पोट फाडता. आणि मला म्हणतोस उपास करू नकोस."

दुसरी तुकडी मात्र नीट झाली. तेल मिळालेल्या उंदरांची जठरं जवळजवळ स्वच्छ होती. मी प्रयोगशाळेत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाटलं माझं लग्न ठरलं. सरांनी माझी हवा काढून घेतली. "तेल आधी दिलंस, मग गोळी. हे रक्षण झालं. भिंत पडायच्या आत लावलेला टेकू. पडलेल्या भिंतीचं काय?" मी मान हलवली, अगदी आईसारखी, आणि त्याच आठवड्यापासून तिला रोज सकाळी चमचाभर तुपात ओव्याचं तेल द्यायला लागलो, थेंब दोन थेंब. सरांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "तुझ्या आईला शेपूट आहे का?" तो प्रश्न मी विनोद म्हणून घरी सांगितला. आई हसली. अण्णा हसले नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका मंगळवारी मी विसरलेली चावी घ्यायला दुपारी घरी आलो. आई मोरीपाशी उभी होती आणि सकाळी मी काढून ठेवलेला तुपाचा चमचा नळाखाली धरून तेल धुऊन टाकत होती. चोरी पकडल्यासारखी ती दचकली, मग माझ्यावरच चिडली. "असा मांजरासारखा काय येतोस?"

"तू तेल टाकून देतेस?"

"रोज नाही. आज मंगळवार आहे. ओवा उपासाला चालत नाही."

मी खाली बसलो. हळूहळू बाहेर आलं ते असं. शनिवार, सोमवार तिचे पूर्वीपासून होतेच. गुरुवार होता, एकादशी होती, संकष्टी होती. आणि माझा प्रबंध सुरू झाल्यापासून त्यात मंगळवार वाढला होता. का, तर गणपतीला बोलली होती की माझ्या मुलाचं तेल लागू पडू दे. म्हणजे मी तिच्या पोटासाठी तेल काढत होतो, ती माझ्या तेलासाठी पोट जाळत होती, आणि उपासाच्या दिवशी तेल घेत नव्हती. डॉक्टरांच्या गोळ्या घेत होती, कारण गोळी म्हणजे खाणं नव्हे. पांढरी गोळीही त्याच न्यायानं चालत होती. ओवा तेवढा बाद.

"उपास सोड," मी म्हणालो.

"सोडला तर तेल कसं लागू पडेल?"

याच्यापुढे बोलायला शहाणा माणूस लागतो. घरात तो नव्हता. मी काय केलं असेल? उपास सोडवायचा नाद सोडला आणि वनस्पती बदलायला निघालो. संध्याकाळी घरात धर्मसभा भरली. जिरं चालतं, असं आई म्हणाली. पण तिच्या माहेरी, वाईला, चालत नसे, तेव्हा मनाला रुखरुख नको. लवंग चालते, पण तिचं तेल फार जहाल. आलं चालतं, कोथिंबीर अर्ध्या कोथरूडला चालते. पुदिन्याबद्दल कुणी काही सांगूनच ठेवलेलं नव्हतं. "पुदिना मुसलमानी आहे का हो?" आईनं विचारलं. "नाही, पुदिना सारसबागेजवळच्या भाजीवाल्याचा आहे," अण्णा म्हणाले. शेवटी गवती चहावर एकमत झालं. उपासाच्या चहात तो वर्षानुवर्षं पडत आलेला होता, त्याच्या सोवळेपणाबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की ओव्याबरोबर गवती चहाही घेऊन तुलना करू या. "चांगली कल्पना," सर म्हणाले. "कशी सुचली?" मी म्हणालो, "वाचनातून."

गवती चहाचं तेल आई सगळे दिवस घ्यायला लागली. जळणं कमी आहे म्हणायची. मी रोज विचारायचो आणि ती रोज कमी आहे म्हणायची; इतकं कमी होत गेलं की हिशेबानं पोटच उरायला नको होतं. अण्णांनी मला एकदा जिन्यात गाठलं. "ती तुला कमी म्हणते, मला काहीच म्हणत नाही. डबे द्यायला खाली जाताना कठड्याला धरून उभी राहते. तुझ्या उंदरांना विचार याचा अर्थ काय."

उंदरांना मी विचारलं. सरांच्या सांगण्यावरून तिसरी तुकडी घेतली होती, पडलेल्या भिंतीची. आधी गोळीनं व्रण पाडला, मग गोळी बंद केली आणि काहींना रोज तेल दिलं, काहींना नुसतं पाणी. काही दिवसांनी जठरं उघडली. तेलवाले बरे झाले होते. पाणीवालेही तितकेच बरे झाले होते. मी पुन्हा पुन्हा भिंगातून पाहिलं, टेबलं बदलली, दिवा बदलला. सर म्हणाले, "बघतोस काय? गोळी थांबली, खायला वेळेवर मिळालं. जठर आपलं आपण भरून येतं, त्याला संधी दिली तर." हे मी त्या संध्याकाळी आईला सांगितलं. विनोद न करता सांगितलं, हे माझ्याकडून क्वचित घडतं. म्हटलं, "आई, ते उंदीर तेलानं नाही बरे झाले. वेळेवर जेवले आणि गोळी बंद झाली म्हणून झाले."

आई पोळीला तेल लावत होती. "त्यांना काय," ती म्हणाली. "त्यांना कुणाचं करायचं नसतं."

आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

(आज माझ्या फोनवर दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी पाठवतं: अमक्या तेलाचे दोन थेंब, अल्सर मुळापासून गायब. शाळेतले मित्र पाठवतात, निवृत्त न्यायाधीश पाठवतात. पूर्वी मी मोठी उत्तरं लिहायचो. पुष्कळसे व्रण एका जंतूनं होतात आणि त्यावर नेमकी औषधं आहेत. ते तेव्हा परदेशी मासिकांत होतं, आमच्या दवाखान्यापर्यंत यायचं होतं. बाकीचे बहुतेक दुखण्याच्या गोळ्यांनी होतात. आता मी फक्त विचारतो, "जेवलात का?" लोकांना वाटतं मी त्यांना घरी बोलावतोय.)

मग अंगारकी आली. मंगळवार आणि संकष्टी एकत्र, म्हणजे चंद्र उगवेपर्यंत काही नाही. अण्णा सकाळी म्हणाले, "अहो बाई, डॉक्टर काय म्हणाले होते?" आई म्हणाली, "अंगारकी वर्षातून कितीदा येते? डॉक्टर काय, रोजचेच आहेत." दिवसभर तिनं लोकांच्या पोळ्या लाटल्या, दुपारनंतर आमच्यासाठी उकड काढून मोदक वळायला बसली. मी चार वाजता घरी होतो. तिनं डाव्या हातानं उजवा खांदा चोळत फळीवरचा डबा काढलेला मी पाहिला. "काय घेतेस?" "तुझंच तेल," ती म्हणाली. तिनं तेलही घेतलं होतं, हे खरं आहे. गवती चहाचा वास येत होता.

चंद्र उगवायला थोडा वेळ होता. अण्णा गच्चीवर बघून आले, ढग आहेत म्हणाले. पंचांगातली वेळ झाली की ताट वाढायचं असं ठरलं. आई ओट्यापाशी मोदकावर तूप सोडत होती. लाटण्याचा आवाज नव्हता, म्हणून मी मान वर केली असावी. ती ओट्याची कड धरून वाकत वाकत खाली बसली. ओरडली नाही. "सुरी खुपसली कुणीतरी," एवढंच तिनं हळू आवाजात सांगितलं, तक्रार न करता, जणू दारात कोण आलंय ते सांगावं. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोळपाटासारखं टणक होतं. माझं सगळं शिक्षण त्या हातात होतं आणि त्या हातानं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या यजमानांनी गाडी काढली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं?" अण्णा म्हणाले, "काल." "आज काहीच नाही?" आई म्हणाली, "गवती चहा." मग माझ्याकडे पाहून तिनं डोळे मिटले, आणि पांढऱ्या गोळीचं मी सांगितलं. जठराला भोक पडलं होतं. त्यांनी ते शिवलं. दुसऱ्या दिवशी नाकात नळी, हातात सुई अशी ती पडली होती. आवाज बसला होता. तिनं खुणेनं अण्णांना जवळ बोलावलं. मला वाटलं काहीतरी मोठं सांगणार.

"उपास सुटला का हो?"

"सुटला," अण्णांनी सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "त्यात मोदक विरघळवलाय."

ती हसली, टाके ओढले गेले, कळवळली, आणि पुन्हा हसली. अण्णांनी उभ्या आयुष्यात तिला हसवायला केलेला तो बहुधा एकमेव विनोद. आत विष पसरत गेलं. ताप उतरेना. डॉक्टर भेटायला यायचे आणि आमच्याशी बोलताना भिंतीकडे पाहायचे. पुढची संकष्टी यायच्या आत ती गेली. तिला घरी आणलं तेव्हा डबेवाल्या सगळ्या बायका जिन्यात उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या हातात सवयीनं रिकामा डबा होता.

माझा प्रबंध मान्य झाला. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी गवती चहाच्या कल्पनेचं कौतुक केलं. ओव्यापेक्षा त्यानं जठराचं रक्षण जास्त चांगलं केलं होतं. तिसऱ्या तुकडीबद्दल त्यांनी फारसं विचारलं नाही. पेढे आणायची माझी हिंमत नव्हती. घरी येऊन अण्णांना नुसतं सांगितलं की झालं, पहिला वर्ग. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"तेल लागू पडलं म्हणायचं."

"उंदरांना, अण्णा."

"कुणाला लागू पडावं, ते तिनं सांगितलं नव्हतं. माझ्या मुलाचं तेल लागू पडू दे, एवढंच मागितलं. मिळालं. आता नवस पुरा करायला पाहिजे. मंगळवार राहिलेत."

मला वाटलं नेहमीसारखं तिरकस चाललंय. हा माणूस मंगळवारी मुद्दाम बाहेरून बटाटेवडे आणून आईसमोर बसून खात आलेला होता. पण पुढच्या मंगळवारी अण्णांनी सकाळी चहा घेतला आणि मग काही घेतलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. नवसाचे मंगळवार केव्हाच पुरे झाले असतील. ते किती बोलले होते, आई सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा ते संपायचा प्रश्नच आला नाही. स्वयंपाकघरात पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे पाठ करून बसत असू.

अशाच एका मंगळवारी, उतरत्या दुपारी, अण्णांनी माझ्यापुढे आपला कप सरकवला. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, सुट्टी होती म्हणून घरी होतो. गवती चहाच्या तेलाची बाटली अजून फळीवरच होती, आईच्या डब्याशेजारी.

"दोन थेंब टाक."

"कशाला?"

"जळतंय," त्यांनी बेंबीच्या वर बोट ठेवून दाखवलं. नेमकी एकच जागा.

मी बाटली घेतली नाही. म्हटलं, "अण्णा, यानं काही होत नाही. तुम्हाला माहीत आहे. उठा, आधी काहीतरी खा. उद्या दवाखान्यात जाऊ. हे मंगळवार सोडा आता."

अण्णांनी कप परत आपल्याकडे ओढून घेतला. आतल्या चहावर साय धरली होती, ती बोटानं बाजूला केली.

"सोडतो," ते म्हणाले. "आणि मंगळवारी करू काय?"

मी उठलो आणि फळीवरची बाटली काढली.